दोन, मग चार

पुठ्ठा कापायच्या यंत्राने त्याचा उजवा हात मनगटापासून नेला. बाकी सगळं जागेवर आहे.

टीमला हे माहीत नाही.

टीमसाठी तो वैद्यबुवा. ऑनलाइन लढाईत बाकीचे राक्षसाला भिडतात, हा मागे उभा राहून त्यांच्या जखमा भरतो. पूर्वी माउसने: जखमी माणसावर क्लिक, औषधावर क्लिक. आता माउस डाव्या हातात. पडद्यावरचा बाण भलतीकडेच जातो.

"वैद्यबुवा, पुड्या बांधत बसलात का?" स्पीकरमधून कप्तान. "नाचता येईना, माउस वाकडा! उद्या माझा जीव गेला तर दुसरा वैद्य बघतो."

माइक बिघडलाय. तो चॅटमध्ये लिहितो: बरं.

*

थोरली बहीण दुकानात बिलं करते.

"फेक तो माउस," ती म्हणाली. "माझ्या काउंटरवर माउसला हात लावला की रांग दारापर्यंत जाते. सगळं बोटांत बसव."

बसवलं. दोन दाबलं की कप्तान निवडला जातो, तीन दाबलं की टीममधला फावड्या. मग चार: औषध. दोन, चार. तीन, चार. जेवताना ताटाच्या कडेवर दोन, चार.

राक्षसाचा घाव अडवणारी ढाल मात्र नऊवर राहिली. डाव्या हाताला तेवढं बोट उरलं नव्हतं.

"नऊ मी दाबते. तू नुसतं 'आता' म्हण."

"ताई, तुला गेम कळतो का?"

"नऊ कळतो ना!"

*

दोन चार. तीन चार. दोन चार दोन चार.

"अरे, वैद्यबुवांना आज काय चावलं?" फावड्या ओरडला. "हात आहे की पंखा!"

तो हसला. चक्क मोठ्याने. ताई खुर्चीत सरसावून बसली.

राक्षसाने गदा उचलली.

"ताई, आता!"

नऊ.

एंटर.

काउंटरवर आकड्यामागून एंटर मारल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. बोट आपलं आपण गेलं. इथे एंटर मारला की चॅटची चौकट उघडते, आणि ती उघडी असली की आकडे म्हणजे नुसते आकडे.

२४२४

कप्तानाची पट्टी लाल.

२४२४२४४४

"वैद्यबुवा, औषध! औषध!"

४४४४४४४४४

"कीबोर्ड मेला, ताई, कीबोर्ड..."

ताईला चौकट दिसली. ती मिटवायला तिने पुन्हा एंटर मारला. चौकट मिटली, पण आकड्यांची ती ओळ सगळ्यांच्या पडद्यावर गेली. तोवर कप्तान आडवा.

"मी मरतोय नि हा फोन नंबर देतोय! बस झालं. उद्यापासून नवा वैद्य."

*

"मी सांगते त्यांना. चूक माझी आहे."

"तेवढंच सांग. हाताचं नको."

ताईने कीबोर्ड ओढला.

"ताई, हाताचं नको."

त्याने तिचं मनगट धरलं. एकच धरता आलं. तिने दुसऱ्या हाताने लिहिलं: माझ्या भावाला एकच हात आहे.

एंटर.



"अरे... आधी बोलायचं ना, भावा," कप्तान म्हणाला. आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलतात तसा आवाज. "तू राहा रे. तुला कोण काढतंय?"

"बघ," ताई डोळे पुसत म्हणाली. "माणसं आहेत ती."

त्याने तिचं मनगट सोडलं.

*

तो टीममध्ये आहे.

नवा वैद्यही आहे, दोन्ही हातांचा. वैद्यबुवा दोन दाबतो तर नव्याने कप्तान आधीच ठणठणीत केलेला. तीन, फावड्या ठणठणीत. तरी चार. भरल्या अंगावर औषध वाया जातं. ढालीसाठी कुणी थांबत नाही.

ताई दुकानातून येते, चपला काढते. "कसं चाललंय?"

"मस्त."

आज लढाई ऐन रंगात असताना त्याने हात कीबोर्डवरून उचलला आणि मांडीवर ठेवला. बघत बसला. राक्षस मेला.

"छान खेळलास हं," फावड्या त्याला म्हणाला.