इथला रहिवासी

जॅनेलने भिंतीवरच्या नकाशावर बोट टेकलं, तसा कडेवरच्या लेकाने, माइल्सनेही हात पुढे केला. तिने तो चटकन मागे ओढला. नकाशाची काच मळली तर काम बिघडेल, असं तिला उगाच वाटलं.

"बघू दे की त्याला," मिस डोरीन म्हणाली. आमदारांचं हे कार्यालय तीच सांभाळायची. "हा आमचा जुना मतदारसंघ. मग लाकडाची गिरणी बंद पडली, माणसं पांगली. डोकी कमी भरली की मतदारसंघ मोडतात; शेजारच्यांनी आम्हाला गिळलंच असतं. तुरुंग आला म्हणून हद्द टिकली."

"कैद्यांमुळे?"

"जनगणनेत ते इथलेच धरतात ना! मत नाही, तक्रार नाही. असे रहिवासी मिळायला नशीब लागतं." ती हसली आणि जॅनेलकडे बघून एकदम थांबली. "तुझं कोण आहे आत, पोरी?"

"नवरा. टेरेल. छातीत दुखतंय त्याच्या, डॉक्टरला दाखवत नाहीत. आमच्याकडच्या आमदारबाई म्हणतात, तुरुंग त्यांच्या हद्दीत नाही. साहेबांनी एक फोन केला तरी..."

आतल्या खोलीच्या दारात आमदार व्हिटकॉम्ब साहेब येऊन उभे होते.

"घर कुठे तुमचं?"

तिने शहराचं नाव सांगितलं.

"मग तिथल्याच आमदारांना भेटा. मी माझ्या लोकांचं बघतो."

"तो तुमच्यातच मोजलाय, साहेब."

"मोजलाय," ते सौम्यपणे म्हणाले. "कायद्याने राहतो तुमच्या शहरात."

दार लागलं. मिस डोरीनने माइल्सच्या मुठीत एक बिस्किट दिलं.

बर्फ वितळल्यावर जॅनेल पुन्हा आली. हातात तुरुंगातून मिळालेली प्लास्टिकची पिशवी होती. आत टेरेलचे बूट आणि चष्मा. बस सुटायला अवकाश होता. ती बसली नाही.

"टेरेल गेला," ती म्हणाली. "आता तरी त्याला तुमच्यातून काढा."

मिस डोरीनने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"ते पुढच्या जनगणनेपर्यंत निघत नाही गं बाळा."

"म्हणजे माइल्स शाळेत जाईल तेव्हाही तो इथलाच?"

आतून साहेबांचा फोनवर हसण्याचा आवाज येत होता.

माइल्सने पुन्हा नकाशाकडे हात केला. या वेळी जॅनेल काचेच्या आणखी जवळ सरकली, आणि त्याचा चिकट तळवा हद्दीवर नीट टेकेपर्यंत थांबली.