मास्तरांच्या पायाचा ताबेदार

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझं एक बटण हरवलं, त्या जागी शर्टाचं बटण चिकटवलेलं आहे, आणि ते मूळ बटणापेक्षा बरं चालतं. मी साथीचा डबा. माझ्या पोटात पियानो, बास आणि ढोल भरून ठेवलेत. वाजवणारे तिघे कधीच घरी गेले, आवाज मात्र माझ्याकडे राहिला.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला एकच गुण शिकवला, आज्ञाधारकपणा. मला वायरीने एक रबरी पट्टी जोडलेली आहे. वादकाने तिच्यावर पाय ठेवायचा आणि ठेका धरायचा. पाय सावकाश पडला की मी सावकाश, भराभर पडला की मी भराभर. पाय म्हणेल ती पूर्व दिशा.

मला विकत घेतलं व्हायोलिनवाल्या मास्तरांनी. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये ते दर शनिवारी वाजवत. ऐकायला कुणी येत नसे, सगळे जेवायला येत. पण आमच्या चालीवर सूप पीत, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. एका संथ सुरावटीत वरच्या सुरावर मास्तर रेंगाळत. पाय तिथे अधांतरी थांबे, आणि त्याच्याबरोबर मीही. मग पाय अलगद खाली येई आणि आम्ही दोघं मिळून पुढे निघत असू. मास्तर मला थोपटून म्हणत, "डबा नाही हो, माणूस आहे हा." माणसांबद्दल त्यांचं मत एरवी एवढं चांगलं नव्हतं.

मग एका शनिवारी दोन ठोक्यांच्या मधे एक बारीकसा जादा ठोका आला. मग आणखी एक. मित्रांनो, ठोका मुद्दाम मारलाय की आपोआप पडलाय, हे मला कळत नाही. मी हुकूम समजून पळत सुटलो. ढोल सैरावैरा, पियानो त्याच्या मागे. जेवणाऱ्यांनी पहिल्यांदाच मान वर करून आमच्याकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

घरी निवाडा झाला. मास्तरांचा मेहुणा सगळ्याच विषयांतला जाणकार. तो म्हणाला, "भाऊजी, आत ओल गेलीय. केस वाळवायचं यंत्र आहे ना ताईकडे?" मला तासभर गरम वारा घातला. पुढच्या शनिवारी मी वाळलेल्या अवस्थेत पळालो.

मग दुरुस्तीवाला. त्याने मला उघडलं, फुंकर मारली, पट्टीवर बोटाने ठेका दिला. मी नेमका चाललो.

"मास्तर, हा तुमच्या-माझ्यापेक्षा ठणठणीत आहे."

"मग पळतो का?"

"ते त्यालाच विचारा."

कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार? मला ढोल येतो, बास येतो, पियानो येतो. बोलता येत नाही.

हॉटेलच्या मॅनेजरने तेवढ्यात निरोप दिला. "मास्तर, गिऱ्हाईकांना ठसके लागतायत. येत्या शनिवारी पुन्हा असं झालं, तर मग राहू द्या." मास्तरांना वाजवायला दुसरी जागा नव्हती. एवढा एक कोपरा होता, खांबाच्या आडचा.

ते घरी सराव करू लागले. एकदा सराव झाल्यावर मला चालूच ठेवून जेवायला बसले. मी टेबलावर, पट्टी टेबलाखाली. आणि मी वाजू लागलो.

"अहो, जेवताना तरी बंद करा त्याला," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे मास्तरांच्या पत्नी.

"मी कुठे वाजवतोय?"

"मग पाय कशाला हलवताय?"

"कुठला पाय?"

बाई खाली वाकल्या. मग मास्तर वाकले. जेवायला आलेला मेहुणाही वाकला. तिघे वर आले. मी ढोल बडवतच होतो. त्या क्षणी गप्प बसावं असं मला फार वाटलं, पण पाय हुकूम देत होता. बाईंनी मास्तरांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबून धरला. मी संथ झालो. थांबलो नाही.

"पट्टी खराब असेल," मेहुणा हळूच म्हणाला. पहिल्यांदाच त्याला स्वतःलाही ते पटलेलं दिसलं नाही.

डॉक्टरांनी त्या दुखण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. ते बरं होईल असं मात्र कुणी म्हणालं नाही.

माझ्या पाठीवर आणखी एक खटका आहे. तो दाबला की मी कुणाचंच ऐकत नाही, ठरलेल्या चालीने चालत राहतो. मास्तरांनी तो कधी दाबला नव्हता. "मी डब्याच्या मागे जायचं? मग डब्यालाच कोट घाला ना!" असं ते म्हणत. त्या शनिवारी त्यांनी तो स्वतः दाबला आणि पाय खुर्चीच्या दांडीमागे अडकवून ठेवला.

संथ सुरावट आली. वरच्या सुरावर मास्तर सवयीने रेंगाळले. मी पुढे निघून गेलो होतो. ते घाईने, मधले सूर गाळून, धापा टाकत माझ्यापर्यंत आले. पुढच्या खेपेला ते रेंगाळलेच नाहीत.

जेवणाऱ्यांपैकी कुणाची मान वर झाली नाही. मॅनेजर खूश होऊन आला. "बघा, आज कसं झकास! झाला ना डबा दुरुस्त?"

"हो," मास्तर म्हणाले. "झाला."

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, धूळ पुसत जा, ओल लागू देऊ नका. पण एखादं आज्ञाधारक यंत्र अचानक वेड्यासारखं वागू लागलं, तर त्याला उघडण्याआधी ते ज्याचं ऐकतं त्या माणसाकडे एकदा नीट बघा. आमच्याकडून होईल तेवढं आम्ही सांगत असतो.

मास्तर अजून दर शनिवारी वाजवतात. मी एका चालीने पुढे जात असतो. ते माझ्याबरोबर आहेत की मागे राहिलेत, हे मला आता ऐकू येत नाही.