रोहनाच्या झाडाची पाटी

मित्रांनो, माझ्या अंगावर तीन ओळी ठोकलेल्या आहेत. पहिलीत एका झाडाचे शास्त्रीय नाव आहे, दुसरीत त्याचे घरचे नाव आणि तिसरीत त्याचा मूळ मुलूख. तिन्ही ओळी खऱ्या आहेत. तरीही अडतीस वर्षे मी खोटे बोलत होते, आणि त्या खोट्यापायी एक झाड गेले. मी जस्ताची पाटी आहे, तळहाताएवढी, दोन टोकांना दोन भोके असलेली. माझी गोष्ट ऐकलीत तर त्या झाडाचीही ऐकल्यासारखे होईल. त्याची गोष्ट पहिल्यापासून सांगणारे आता दुसरे कोणी उरलेले नाही.

आमच्या बागेला नागपूरचे लोक काचबाग म्हणतात. शहरात रेल्वे येऊन वीसेक वर्षे झाली असतील, तेव्हा इंग्रज सरकारने ती वसवली. हेतू शोभेचा नव्हता. दूरच्या उष्ण देशांतली कामाची झाडे इथल्या काळ्या मातीत जगतात का, हे त्यांना पाहायचे होते. लंकेहून जायफळ, कोको, व्हॅनिला आणि सिंकोनाची रोपे काचेच्या बंद पेट्यांतून बोटीने मुंबईला येत आणि तिथून आगगाडीने नागपूरला. पेटीतल्या मातीची ओल वाफ होऊन काचेला लागे आणि थेंब होऊन पुन्हा मातीत पडे. त्यामुळे पाणी न घालताही रोपे महिना महिना जगत. त्या पेट्यांवरूनच बागेला हे नाव पडले. पण समुद्र ओलांडून आलेल्या या रोपांना नागपूरचा मे महिना काही ओलांडता येत नसे. वाळ्याच्या ताट्या भिजवून भोवती उभ्या केल्या, दिवसातून चार वेळा पाणी शिंपडले, तरी पाने कडेने जळत जळत आत येत.

प्रत्येक रोपाला आल्या दिवशीच पाटी मिळे. रोप मेले की ती पाटी काढून कचेरीतल्या एका पत्र्याच्या डब्यात टाकत. पाच वर्षांत डबा निम्मा भरला. बागेत पाट्या घडवणाऱ्यांना सवड नव्हती, आणि डब्याला कधी कुलूप लागले नाही.

तेव्हा बागेत लहानू नावाचा माळी होता. तो नागपूरजवळच्या खाप्याचा विणकर. गिरणीचे स्वस्त कापड बाजारात आले, घरचा माग थंडावला आणि लहानू कामाच्या शोधात नागपूरला आला. सुताची बारीक गाठ मारणारी त्याची बोटे कलम बांधण्यात तरबेज निघाली. एकदा गावाहून परतताना त्याने रानातून रोहनाचे वीतभर रोप आणले आणि फाटकातून आत शिरल्यावर मुख्य वाटेच्या उजव्या हाताला लावले. त्याच आठवड्यात डाव्या हाताला महोगनी लावली गेली होती. तिचे मूळ थेट वेस्ट इंडीज बेटांतले. महोगनीला लगेच पाटी मिळाली, रोहनाला नाही.

बागेचे साहेब म्हणाले, "इथल्या रानात वाढणाऱ्या झाडाला पाटी कशाला?"

मग एका पावसाळ्यात हिवतापाची साथ आली. तापावरच्या औषधासाठी लावलेला सिंकोना तर केव्हाच डब्यात गेला होता. लहानू रानातून आणलेल्या रोहनाच्या सालीचा कडू काढा उकळू लागला, आणि बागेतले गडी, कचेरीतले कारकून, शेवटी साहेबांचा खानसामासुद्धा वाटी घेऊन उभा राहू लागला. त्यातल्या किती जणांचा ताप काढ्याने उतरला आणि किती जणांचा आपोआप, हे कोणी मोजले नाही, म्हणून मीही सांगणार नाही. पण साहेबांनी कारकून मधुसूदनपंतांना पाटी करायला सांगितली, एवढे खरे.

माझा जन्म असा झाला. पंतांनी लहान हातोडीने एकेक अक्षर माझ्यावर ठोकले. वर सॉयमिडा फेब्रिफ्युगा, त्याखाली रोहन, त्याखाली मध्य हिंदुस्थान.

लहानूने मला उलटसुलट करून पाहिले. "पंत, याच्यात माह्या झाडाचं नाव कुठं हाये?"

पंतांनी त्याचे बोट धरून दुसऱ्या ओळीवरून फिरवले. "हे रो. हे ह. हे न. आणि वरती जे आहे ना, त्याचा अर्थ ताप पळवणारा."

"साहेबाच्या भाषेत?"

"साहेबाच्याही आज्याच्या भाषेत."

लहानू खूप वेळ हसत होता. मग तांब्याच्या तारेने त्याने मला रोहनाला बांधले. तार मुद्दाम सैल ठेवली. झाड जाडीला वाढते, हे त्याला ठाऊक होते.

पुढची नव्वदेक वर्षे माझी चांगली गेली. साहेब गेले, राज्य बदलले, काचघराच्या काचा एकेक करून फुटल्या आणि कारंजे कोरडे पडले. पण शाळेची मुले येत. त्यांतले एखादे माझ्यावरची अक्षरे मोठ्याने वाची आणि मग मान वर करून झाडाकडे पाही. मित्रांनो, वाचणाऱ्याची मान वर गेली की पाटीचे काम पुरे होते. उन्हाळ्याच्या तोंडी रोहन उघडाबोडका होई आणि मग तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी त्यावर येई. ती पाहायला लहानूचा मुलगा, पुढे नातूही वाटेवर थांबत असे. दोघेही याच बागेत माळी झाले. आपल्या पोरांना ते सांगत, "आपल्या आज्याचं झाड उजव्या हाताचं."

लहानूचा पणतू रुपराव बापाच्या जागी कामावर लागला तेव्हा बावीस वर्षांचा होता. तो खाप्यालाच वाढलेला, बाग त्याला नवी होती. पहिल्याच मार्चमध्ये कोणी मंत्री बाग पाहायला येणार असल्याचे कळले. मुकादमाने हुकूम सोडला, की सगळ्या पाट्या काढा, चांदीरंग द्या, परत लावा. रुपरावने आम्हांला काढले, एका तारेत ओवले आणि विहिरीपाशी रंगवून वाळत घातले. मंत्री सकाळी यायचे होते. संध्याकाळी घाईघाईने तो विहिरीकडून फाटकाकडे आम्हांला लावत निघाला. रोहन आणि महोगनी समोरासमोर उभे होते. दोघेही निष्पर्ण, दोघेही सारख्याच जाडीचे. रुपराव क्षणभर थांबला. मग बापाचे शब्द आठवून त्याने मला उजव्या हाताच्या झाडाला लावले.

मित्रांनो, फाटकाकडून येताना जे झाड उजव्या हाताला, ते विहिरीकडून येताना डाव्या हाताला असते.

आणि यावेळी तार नव्हती. लांब खिळे होते.

दोन महिन्यांनी समोरच्या झाडावर तांबूस पालवी फुटली तेव्हा रुपरावने हातातली बादली तिथेच ठेवली. तो मुकादमाकडे धावला. मुकादम बिडी ओढत होता.

"पाट्या उलट्या लागल्या. आमच्या रोहनाले महोगनी लागली."

"मंत्री येऊन गेला ना?"

"गेला."

"त्यानं वाचली?"

"नाही."

"मंग? झाडाले वाचता येते का गा? राहू दे. पुढच्या रंगाच्या वेळी बदलून टाकू."

पुढचा रंग कधी आलाच नाही. रुपराव जाता-येता माझ्याकडे पाही आणि नजर चुकवी. दहा वर्षांत महोगनीच्या सालीने माझ्या कडा गिळल्या. आता मला काढायचे तर छिन्नी लागली असती, आणि छिन्नी आणायची तर कशासाठी, ते लिहून द्यावे लागले असते. स्वतःची चूक लेखी कोण देतो? शिवाय त्याला झाडे पाटीवाचून ओळखता येत होती. मी मात्र बारा पावलांवरून माझे झाड दुसऱ्याच्या नावाने वाढताना पाहत राहिले.

गेल्या वर्षी मार्चमध्ये भैरवी आली. ती वनस्पतिशास्त्रात नुकतीच पदवीधर झालेली, चष्मा लावणारी, आकडे दोनदा तपासणारी मुलगी. तीन दिवसांत तिला चारशे बारा झाडांची नोंद करायची होती. टेपचे दुसरे टोक धरायला रुपराव होता. त्याच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

"मॅडम, सगळ्याइची कंबर मोजून राहिल्या तुम्ही. माही पण मोजून ठेवा, जायच्या आधी."

"तुमच्या कंबरेची नोंद कोणत्या रकान्यात करू, काका? देशी की विदेशी?"

"खाप्याची. अस्सल देशी."

दोघेही हसले. हसतच ती रोहनापाशी आली, खोडावरची पाटी वाचली आणि लिहिले: महोगनी, विदेशी. मग इकडे येऊन मला वाचले आणि लिहिले: रोहन, देशी. रुपरावचे ओठ हलले. पण गणती दर काही वर्षांनी होते आणि वह्या कपाटात जातात, हे त्याने अडतीस वर्षे पाहिले होते. दोन महिन्यांसाठी कशाला तोंड उघडायचे? टेपचे टोक घेऊन तो पुढच्या झाडाकडे निघाला.

ही गणती वेगळी होती, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. फाटक रुंद करून गाड्या आत आणायच्या होत्या आणि वाटेवरच्या समोरासमोरच्या दोन झाडांपैकी एक जाणार होते. देशी ठेवायचे, विदेशी काढायचे, असे ठरले होते. निर्णय वाईट नव्हता, मित्रांनो. निर्णय ज्यावर उभा होता, ती मी होते.

शनिवारी संध्याकाळी रोहनावर लाल फुली उमटली. रुपराव तसाच सायकल काढून प्रताप नगरला भैरवीच्या घरी गेला. तिथे काय झाले, ते पुढे त्यानेच माझ्यासमोर तिला पुन्हा पुन्हा बोलून दाखवले, म्हणून मला ठाऊक आहे.

"बेटा, ते झाड महोगनी नाही. आमचा रोहन हाये."

"पण काका, पाटी?"

"पाटी मीच लावली. उलटी."

"मग परवा का बोलला नाहीत?"

"काहून बोललो नाही, तेच सोताले विचारून राहिलो."

भैरवीने तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडून बागेच्या आताच्या साहेबांनी सांगितले की यादीवर सही झाली आहे, सोमवारी लेखी अर्ज घेऊन या. तिने रात्रीच अर्ज लिहिला. रुपरावने त्यावर सही केली. अडतीस वर्षे जे लिहून द्यायचे राहिले होते, ते त्याने दोन ओळींत लिहून दिले.

पण ठेकेदाराला रविवारची सुटी नव्हती.

रविवारी सकाळी करवत सुरू झाली ती दुपारपर्यंत चालली. मी समोरच होते. मला डोळे मिटता येत नाहीत. महोगनीची पाटी खिळ्यांसकट उडून वाटेवर पडली, आणि खोडाचे तीन तुकडे ट्रकमधून लकडगंजच्या लाकूडबाजारात गेले.

सोमवारी अर्ज हातात घेऊन दोघे आले, तेव्हा वाटेवर नुसता शेंडा पडला होता. भैरवी त्याच्याजवळ उकिडवी बसली. सुकलेली, लाकडी फळे अजून फांद्यांना होती. तिने एक तोडून तळहातावर घेतले. पाच कप्पे, टोकाकडून उकललेले, आतून रिकामे. महोगनीचे फळ मुठीहून मोठे असते आणि बुडाकडून उकलते. हे तिने परीक्षेत लिहिले होते, बरोबर लिहिले होते.

"हे सगळं वर होतं," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर. मी पाटी वाचली आणि पुढे गेले."

"खाली पण होतं, बेटा. रोज सकाळी मीच झाडून जाळत होतो. वाट साफ पाहिजे म्हणून." रुपरावने फांदीवरून हात फिरवला. "बिया पण गेल्या असतील त्याच्यातच."

तिने नोंदवहीत दुरुस्ती केली आणि खाली लिहिले: चूक नोंद करणाऱ्याची. रुपराव म्हणाला की चूक पाटी लावणाऱ्याची.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी रुपरावने छिन्नी आणली आणि महोगनीच्या सालीतून मला सोडवले. माझ्या कडांवर सालीचे तुकडे अजून चिकटलेले आहेत. मला घेऊन तो कचेरीत गेला आणि पत्र्याच्या डब्याकडे पाहू लागला. मेलेल्या झाडांच्या पाट्यांची ती जागा. एकशेतीस वर्षे मला त्या डब्याचीच भीती होती. तो डब्यापर्यंत गेला, थांबला आणि परत आला. मग त्याने मला, भेटायला आलेल्या भैरवीच्या हातात दिले.

"याले लावू नको कुठं. अजून नाही."

तेव्हापासून मी तिच्या पिशवीत असते. रोहनाच्या बियांना पातळ पंख असतात, त्या वाऱ्यावर लांब जातात. रुपराव वाट झाडत असे, पण कुंपणापलीकडे त्याचा झाडू पोचत नव्हता. म्हणून दर रविवारी दोघे कुंपणाच्या कडेने, नाल्याच्या काठाने फिरतात. रुपरावच्या हातात आता झाडू नसतो, काठी असते. तिने तो गवत हलकेच बाजूला करतो. अजून काही सापडलेले नाही.

मित्रांनो, पाट्या जपा. त्यांना सैल तारेने बांधा, आणि चुकीची लागली असेल तर त्याच दिवशी बदला. दुसऱ्या दिवशी ती काढणे थोडे अवघड होते, दहा वर्षांनी फार. आम्हांला वाचा, पण तिथे थांबू नका. मान वर करा. आणि कुठे तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी दिसली, खाली टोकाकडून उकललेले पाच कप्प्यांचे लाकडी फळ सापडले, तर आधी झाडू बाजूला ठेवा. मग काचबागेत निरोप द्या. माझ्या दोन्ही भोकांत भैरवीने तांब्याची नवी तार ओवून ठेवली आहे.