आजोळचं काजळ

"नाना, घर पेटवून राहिले का?" शेजारच्या मनकर्णाबाईंनी कुंपणापलीकडून आवाज दिला.

"काजळ करून राहिलो," मी म्हणालो.

त्या फाटक उघडून आतच आल्या. ओसरीवर मी दोन विटा मांडल्या होत्या. मधे एरंडेलाचा दिवा आणि वर स्टीलचं ताट. धूर अडकून राहावा म्हणून ताट पालथं ठेवलं होतं. मनकर्णाबाईंनी पदराने ताट धरून उलटलं. आतून ते नुसतं तपकिरी झालं होतं. कडेला बोटभर काळं, तेही हात लावताच भुरभुर खाली पडलं.

"हे काजळ व्हय? कढईला लागलेलं दूध बरं दिसतं याच्यापेक्षा."

"तुमाला येतं का?"

"आमाला कशाला येईल? गल्लीतल्या सगळ्या लेकरांना ताराबाईचंच काजळ लागलं. तुमी बाजारातून एक डबी घ्या अन् व्हा मोकळे."

डबी मी आणली होतीच. पण माझ्या लेकीच्या, पुनमच्या सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, "भाऊ, बारशाला बाकी काही आणू नका, काजळ मात्र आजोळचं लागतं." खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. माहेरात मी एकटा. मोटारींची वायंडिंग भरणारा माणूस बाळंतिणीचं काय करणार, म्हणून पुनम कळमनुरीला सासरीच राहिली. आठ महिन्यांपूर्वी माझी बायको तारा गेली, तेव्हा पुनमला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. ताराला तेवढं समजलं होतं. नातीच्या अंगाला तिच्या घरातलं काहीतरी लागावं, एवढंच मला वाटत होतं. बारसं दुसऱ्या दिवशी होतं.

मी वात मोठी केली. ताट जास्तच तापलं आणि काजळ आणखी कमी आलं. तीस वर्षं जवळा बाजार या गावी पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करतोय. जळालेली मोटर वासावरून ओळखतो. आणि एक दिवा मला जमेना.

दुपारी प्रमोद सर त्यांची पाण्याची मोटर न्यायला आले. ते हायस्कूलला विज्ञान शिकवतात. माझं काळं झालेलं नाक बघून हसले.

"नाना, होळी तर होऊन गेली."

मी त्यांना ताट दाखवलं. त्यांनी बोटाचं टोक लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"एवढं तापल्यावर काजळी धरंल कशी? तिला गरम जागा सोसत न्हाई. गरम हवेतून ती गार जागेकडं पळती."

"काहून?"

"हवेचे कण तिला चारी बाजूनं धक्के मारून राहिलेत. गरम बाजूचे जोरात मारतात, गार बाजूचे हळू. मग ती कुठं सरकंल?"

"गार बाजूला."

"बराबर. ताट गार असलं तर ती ताटाला येऊन चिकटती. ताट तापलं की धुरासोबत निघून जाती. पाण्यात पण असंच होतं, कण गरमाकडून गाराकडं जातात. काही उलटे बी जातात, पण ते शिकवायला मला पगार कमी हाय."

सर मोटर घेऊन गेले. मी विटांसमोर बसून राहिलो.

तारा ताट सुलटं ठेवायची. त्यात माठातलं पाणी ओतायची. पाणी कोमट झालं की काढून टाकायची, पुन्हा गार ओतायची. हे मी कितीतरी वेळा बघितलं होतं. "दिव्याला अंघोळ घालून राहिली का?" असं मी म्हणायचो. "तुमी तुमची मोटर भरा," ती म्हणायची. ती ते का करते हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते आता कळायला मार्ग नाही. कदाचित एवढंच म्हणाली असती की माझी आई असंच करायची.

मी काठाचं ताट घेतलं आणि दिव्यावर सुलटं ठेवून पाणी भरलं. आधी गार ताटाला खालून घाम आला. तो पुसला. संध्याकाळपर्यंत सहा वेळा पाणी बदललं. ताट उचलून खाली बघितलं तर मखमलीसारखा जाड काळा थर. चमच्याच्या दांडीने तो खरवडला, तुपात घोटला आणि ताराच्या पितळी डबीत भरला.

सकाळी एसटीने कळमनुरीला गेलो. बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. मी डबी पुनमच्या सासूबाईंच्या, आशाबाईंच्या हातात दिली. त्यांनी बोट लावून बघितलं.

"लई दाट हाय भाऊ. असं आजकाल कुणाला जमत न्हाई."

"डॉक्टरनं डोळ्यात घालू नका म्हटलंय," पुनम म्हणाली.

"डोळ्यात कोण घालतंय? तळपायाला लावते."

तेवढ्यात पुनमने डबी ओळखली. ती माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, हे आईच्या हातचं हाय का? राहिलं होतं?"

तिचा चेहरा बाळंतपणाने उतरला होता. ती विचारत होती, पण तिला उत्तर एकच पाहिजे होतं.

"व्हय," मी म्हणालो. "कपाटात सापडलं."

तिने आशाबाईंच्या हातातून डबी काढून घेतली.

"मग हे लावायचं न्हाई, आत्याबाई. हे संपलं तर परत कुठून येईल?"

पुनमने डबीचं झाकण लावलं, ती रुमालात गुंडाळली आणि उशाच्या पेटीत तळाशी ठेवली.

"मग लेकराला काय लावू?" आशाबाईंनी विचारलं.

बाजारातली डबी माझ्या पिशवीत होती. मी ती काढून दिली. आशाबाईंनी तिचं प्लास्टिक दाताने फोडलं आणि बोटावर काजळ घेतलं. लेकरू पाय झाडत होतं.

"भाऊ, पाय धरा जरा," त्या म्हणाल्या.

मी पाय धरला.