दोन रिंगांचा फोन

मित्रांनो, मी एक जुना वायरीचा फोन आहे. जुना म्हटलं, मोडका नव्हे! तासगावपासून आत, मळ्यातल्या घरात भामाबाईंच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, माझं टेबल आहे. खोलगट जागा, मोबाईलला रेंज नाही, म्हणून माझा मान टिकला.

एकेकाळी आसपासच्या मळ्यांत मी एकटाच. लोक हात धुऊन मला उचलत. बाईंना माझा केवढा तोरा! माझा नंबर त्यांनी ट्रॉलीच्या मागं रंगवला, बेदाण्याच्या खोक्यांवर छापला, शेतीच्या प्रदर्शनात बक्षिसाच्या अकरा कूपनांवर लिहिला. बक्षिसात साधी चहाची गाळणी आली नाही. आले ते फोन. विमा, प्लॉट, गुडघ्याचं तेल.

"मॅडम, फक्त दोन मिनिटं..."

"घाल चुलीत तुझी दोन मिनिटं! ताटावरनं उठवतोस, तुला आई न्हाई व्हय रं?"

शिव्या खाऊनही तो दुसऱ्या दिवशी हजर. घरात उचलणारं माणूस आहे, एवढं त्याला कळलं की पुरे.

शेवटी बाईंनी माझा रिसीव्हर काढून बाजूला ठेवला. आठवडाभर मी मुका. मग सुनेनं, पल्लवीनं तो जागेवर ठेवला आणि लगेच विश्वजितचा आवाज आला. बाईंचा फौजेतला लेक.

"आये, पलटण बदलली. रविवारी मिरजेत गाडी वीस मिनिटं थांबली हुती. भेटायला ये म्हणून तुला लय फोन लावला."

बोलणं संपलं आणि बाईंनी सगळा राग माझ्यावर काढला.

"आत्ती, फोनचा काय दोष?" पल्लवी हळूच म्हणाली. "नंबर आपुनच वाटला."

तिनं माझ्यावरूनच १९०९ लावून जाहिरातीचे फोन बंद करायची नोंद केली. बाईंनी ट्रॉलीवरच्या नंबरावर स्वतः रंग फासला. लेकाला खूण सांगितली: दोन रिंगा, बंद, मग परत. अजून एखादा चुकार फोन येतो. बाई "नको" म्हणतात आणि ठेवून देतात. शिवीसुद्धा फुकट घालवत नाहीत.

मित्रांनो, मला रोज पुसलं नाही तरी चालेल. पण घरचा नंबर दिसेल त्या कागदावर लिहू नका. ते घराचं दार आहे, सताड उघडं टाकू नका.

काल दुपारी दोन रिंगा वाजल्या आणि थांबल्या. बाई ताटावरून उठल्या. मी परत वाजायच्या आत त्यांचा खरकटा हात माझ्यावर होता.