काशीत सोडलेला कांदा

काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडून यायचं असतं. आमच्या देवणीकडची माणसं यात भारी हुशार. कुणी कारलं सोडतं, कुणी पपई, आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतं. माझ्या सिंधुकाकूनं पपईच सोडली. भागवतकाकाला मात्र तिनं कांदा सोडायला लावला.

काकाचं जेवण म्हणजे बुक्कीनं फोडलेला कांदा आणि ज्वारीची भाकरी. त्या वासानं काकूला जवळ झोपवेना, पण नवऱ्याला तोंडावर सांगायची तिची हिंमत नव्हती. मग देवाचं नाव कामी आलं. काकानं गंगेचं पाणी हातात घेतलं आणि हूं की चूं न करता सोडलं. पुढं शेतात कांदा पिकवला, विकला, पण तोंडाला लावला नाही.

यंदा काकाच्या पोटात कॅन्सर निघाला. लातूरच्या दवाखान्यात शेजारच्या पेशंटची लेक रजिया हिनं काकूला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कांद्यातली द्रव्यं म्हणे कॅन्सरला अडवतात. कांदा तर काकूनंच सोडायला लावला होता. तिनं डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, प्रयोगशाळेत पेशींवर तसं दिसलंय, पण कांदा खाल्ला म्हणून माणसाचा कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि न खाल्ल्यानं झाला, असं तर कुणीच म्हणू शकत नाही. पण त्यामुळं झालाच नाही, असंही ते म्हणाले नाहीत. काकू नेमकी तिथंच अडकली.

घरी आल्यावर तिनं कांदा धुऊन, फोडून भाकरीसोबत काकापुढं ठेवला. पुढचं सगळं तिनंच माझ्या आईला रडत सांगितलं.

"देवाचं काई न्हवतं वो त्यात. मलाच वास सोसत न्हवता. आता खावा, पाप मला लागू द्या."

"मला तवाच कळलं हुतं," काका म्हणाला.

"मग सोडला कशाला?"

"तू जवळ झोपायला लागलीस की."

त्यानं कांद्याची पाकळी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली. औषधांनी त्याच्या जिभेची चवच नेली होती.

"तिखट हाय का गं? मला काईच कळंना."

चव होती तेव्हा काकूनं कांदा दिला नाही, याचं तिला आता लई वाईट वाटलं. तिनं त्याच्या हातातली उरलेली पाकळी घेतली आणि चावली.

"हाव," ती म्हणाली, "लई तिखट हाय."

काका तिच्या तोंडाकडं बघत भाकरी खात राहिला.