पंधरा मिनिटांचा थांबा

भिंगरीने केस मुद्दाम मोकळे ठेवले होते. आजोबांनी घातलेली वेणी फाटकापर्यंतसुद्धा टिकत नसे, आणि आज तर आई घालणार होती. आईला परदेशी इस्पितळात दोन वर्षांची नोकरी लागली होती. शहरातलं प्रशिक्षण संपताच तिकडूनच निघायचा हुकूम आला. घरी यायला रजा नाही. पण तिची गाडी या गावावरून जायची आणि इथे पंधरा मिनिटं थांबायची. तेवढ्यात दोन वेण्या आरामात झाल्या असत्या.

स्टेशनावर गाडीचा मात्र पत्ता नव्हता. फलकावर आधी अर्ध्या तासाचा उशीर होता, मग तासाचा झाला, मग फलकानेच डोळे मिटले. चौकशीच्या खिडकीतला माणूस मान वर न करता सगळ्यांना येईल, येईल म्हणत होता. गाडी बहुधा पायी निघाली असावी, असं बाकावरच्या एका गृहस्थांनी जाहीर केलं. कुणाला हसू आलं नाही. तेवढ्यात कर्ण्यावरून घोषणा झाली, की गाडी पुढे वेळ भरून काढेल.

"आजोबा, गेलेला वेळ ती आणते कुठून?"

आजोबांनी जन्मभर मुलांना गणित शिकवलं होतं. वैताग गिळून त्यांनी खिशातल्या लिमलेटच्या गोळ्या काढल्या आणि बाकावर मांडल्या.

"हा मोठा ढीग पळण्याचा वेळ, आणि हा छोटा आपल्या थांब्याचा. आता यातल्या थोड्या वाटेत सांडल्या. शेवटच्या स्टेशनावर तर सगळं जुळायला हवं. मग गाडी जरा जोरात पळते, आणि..."

भिंगरीने छोट्या ढिगातल्या गोळ्या उचलून मोठ्या ढिगात टाकल्या. "आणि आपल्या घेते."

आजोबा त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग तिचा हात धरून तडक स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले.

स्टेशनमास्तर म्हणजे अगदी सज्जन माणूस. उशीर झाला की थांबा दोन मिनिटांवर येतो, हे त्यांनी शांतपणे मान्य केलं. आधी का नाही सांगितलं, तर कुणी विचारलं नव्हतं. गाडी वेळेवर आली की नाही, हे शेवटच्या स्टेशनावर मोजतात.

"आणि मधल्या माणसांचं काय?" आजोबांनी विचारलं.

"ती उतरून जातात ना, साहेब."

यावर भांडायला आजोबांकडे पुष्कळ होतं, पण वेळ नव्हता. त्यांनी तिकीटखिडकी गाठली आणि पुढच्या स्टेशनाची दोन तिकिटं काढली.

गाडी आली ती घाईतच. आई दारात उभी होती, हातात कंगवा घेऊन, उतरायच्या तयारीत. आजोबांनी तिला खाली येऊच दिलं नाही. नातीला उचलून आत दिलं आणि स्वतः धापा टाकत चढले. लगेच गाडी हलली.

आईने डोळे पुसले आणि केस विंचरायला घेतले. तिने हात भरभर चालवला, कारण पुढचं स्टेशन जवळच होतं. दुसरी वेणी संपत आली आणि गाडी स्टेशनाबाहेरच सिग्नलला थांबली.

डबा कुरकुरू लागला. एकाने तक्रार करायची धमकी दिली. मधल्या माणसांचं काय, हे पुढच्या स्टेशनमास्तरांनाही ऐकवायचं, असं आजोबा मघापासून मनात घोळवत होते. आता मात्र ते खिडकीबाहेरचा लाल दिवा बघू लागले.

आईने दिव्याकडे एकदा पाहिलं, आणि घातलेली वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून विंचरायला सुरुवात केली.